चौदा, सतरा, बावीस, तेवीस

वर्धा,
१२ फेब्रुवारी २००७

चि. जयवंता कुरवाडे हिस,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता कॉलेजातल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला. उघडलंच आहेस तर पुढे वाच. सात वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि तूही मला लिहिलं नाहीस, तेव्हा फिट्टंफाट झाली असं समजू.

काम निघालं म्हणून लिहितो आहे. बंधाऱ्यामुळे विहिरींना पाणी टिकतं का हे पाहायला रोहण्याच्या आसपासच्या छत्तीस विहिरींचा आपण अकरा वर्षं अभ्यास केला, त्याला पैसा विलायतेतल्या ट्रस्टचा होता हे तुला आठवत असेल. त्यावरचा निबंध २००१ साली तिकडच्या मासिकात छापून आला. तो वाचायचा तर एका वेळेला तीस डॉलर मोजावे लागतात. मला पंचवीस प्रती मिळाल्या होत्या, त्यातल्या एकोणीस अजून कपाटात पडून आहेत. आता ट्रस्टने नवा नियम काढला आहे. त्यांच्या पैशातून झालेला निबंध, जुना असो की नवा, इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता आला पाहिजे. त्यासोबत मूळ रजिस्टरच्या पानांचे फोटो द्यायचे. शिवाय कुणी काय काम केलं ते एका नमुन्यात लिहून प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करायची. कल्पना कुणाची, मोजमाप कुणी केलं, अर्थ कुणी लावला, लिहिलं कुणी, अशी खाती पाडली आहेत. ज्याने काम केलं आणि ज्याचं नाव राहून गेलं, त्याचं नाव आता घालता येतं.

तुझं नाव राहून गेलं होतं. ते घालावं असं मी ठरवलं आहे. सोबत नमुना आहे. मोजमापाच्या खात्यात 'छत्तीस विहिरी, जून १९८९ ते मे २०००, जयवंता कुरवाडे' असं पेन्सिलने लिहून ठेवलं आहे. फुली केली आहे तिथे सही कर.

आणखी एक लहानसं काम आहे. २००० सालच्या वैशाखी पौर्णिमेचं पान वाळवीने खाल्लं. त्यावरचे आकडे टाइप केलेले आहेत, ते जोडतो आहे. रजिस्टरचाच एक कोरा कागदही जोडला आहे. तुझ्या अक्षरात, निळ्या शाईने उतरवून पाठव. फोटोत बाकीच्या पानांसारखं दिसायला हवं, बाकी काही नाही.

तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. तुझ्या भावाला, आदेशला, आणि त्याच्या बायकोला आशीर्वाद सांग. ती मास्तरीण झाली असं ऐकलं, बरं वाटलं.

लक्ष्मण राजूरकर


वर्धा,
३ मार्च २००७

जयवंता,

पाकीट मिळालं. नमुन्यावर सही नाही. रजिस्टरच्या कागदावर छत्तीस विहिरींच्या नोंदी उतरवायच्या होत्या, तू चारच ओळी लिहिल्या आहेस. १४ कोरडी. १७ कोरडी. २२ कोरडी. २३ कोरडी. बाकी पान मोकळं. निळी शाई तेवढी सांगितल्याप्रमाणे वापरलीस.

तुझा स्वभाव काही गेला नाही. सात वर्षांपूर्वीची तुझी आठवण एका बाजूला आणि छापलेला आकडा दुसऱ्या बाजूला, यात माणसाने आकड्यावर विसंबावं असं शास्त्र सांगतं. माणसाला वाटत असतं की आपल्याला सगळं लख्ख आठवतं. मलाही पुष्कळ गोष्टी आठवतात, त्यातल्या निम्म्या खोट्या निघतात. तेव्हा हट्ट सोड आणि पान उतरवून दे.

हा नमुना भरताना इथे काय दशावतार चालले आहेत ते तुला ऐकवतो, म्हणजे राग थोडा उतरेल. निबंधावर तीन नावं आहेत. पहिलं कै. बबनरावांचं, आपल्या कॉलेजच्या संस्थापकांचं. दुसरं अध्यक्ष अण्णाजींचं. तिसरं माझं. ही यादी मी २००१ साली केली तेव्हा लग्नपत्रिका करतात तशीच केली. घरातलं वडील माणूस आधी, मग ज्यांच्या पैशावर मांडव उभा राहिला ते, आणि सगळ्यांत खाली खरं राबणारे. वारलेल्या आजोबांचं नाव पत्रिकेवर घालतोच की आपण. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आता ट्रस्टच्या बाईंचं पत्र आलं आहे, की पहिले लेखक १९८७ साली वारल्याचं तुमच्याच कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत आहे, अभ्यास १९८९ साली सुरू झाला, तर त्यांनी मोजमाप केलं की लेखन केलं? मी तिला काय सांगू? पत्रिका म्हणजे काय हे आधी समजवावं लागेल.

अण्णाजींकडे नमुना घेऊन गेलतो असं लिहिणार होतो, बघ, तुझ्या भाषेची सवय अजून गेलेली नाही. तर गेलो. दुकानात गादीवर बसले होते. चष्मा वर करून म्हणाले, "म्या काय केलं? म्या तं आशीर्वाद देल्ला. थेच लिहा नं, सर." मी म्हटलं, तसं खातं नाही. तर म्हणाले, "मंग कल्पना लिहा. कल्पना कोणाचीबी असू शकते."

हसलीस का? नसशीलच.

बरं. एक गोष्ट नीट सांगतो. मागच्या पत्रात तुझं नाव राहून गेलं असं मी लिहिलं. ते राहून गेलं नव्हतं. पहिल्या खर्ड्यात ते माझ्या नावाच्या खाली होतं. मी काढलं. तू काम सोडून गेलीस त्याचा राग होता, म्हणून काढलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तेव्हा यावरून तरी माझा हेतू ओळख.

निबंध परवापासून इंटरनेटवर फुकट झाला आहे. रजिस्टरचे फोटो एप्रिलअखेर द्यायचे आहेत. नवा कोरा कागद आणि नवं पाकीट जोडतो.

लक्ष्मण राजूरकर


वर्धा,
२७ मार्च २००७

जयवंता,

काल मी रोहण्याला येऊन गेलो. तू घरातच होतीस. आदेशची बायको सुरभी हिने "ताई वावरात गेल्या" असं सांगितलं, पण तुझ्या चपला दाराशी होत्या आणि तुझी सायकल भिंतीला टेकलेली होती. सुरभी खोटं बोलायला शिकलेली नाही, सांगताना तिची मान खाली गेली. तू भिंतीपलीकडून सगळं ऐकत असशील, म्हणून मी जरा मोठ्याने बोलत होतो.

तिने चहा दिला आणि म्हणाली, "सर, आमी तुमचा निबंध वाचला. आर्वीले स्टँडजवळ कम्प्युटरचं दुकान हाय, थ्या पोरानं काढून देल्ला. आता फुकट झाला नं." मी विचारलं, समजला का? तर म्हणाली, "म्या एक एक वाक्य वाचून ताईले मराठीत सांगतलं. ताई एका वाक्यापाशी थांबल्या. बंधाऱ्याखालच्या नऊही विहिरींले मे महिन्यात पाणी होतं, हे वाक्य त्यायनं दोन डाव वाचाले लावलं. मंग म्हणल्या, कोणाच्या विहिरीले?"

त्या वाक्यानंतर मला चहा संपवता आला नाही. पुलगावपर्यंतच्या बसमध्ये तेच वाक्य डोक्यात होतं. सहा वर्षं तो निबंध तीस डॉलरच्या कुलपात होता. वाचणारे वाचत होते, पण ज्यांच्या विहिरी त्यांच्यापैकी कुणी वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी सगळी हिंमत त्या कुलपावर होती.

तेव्हा आता लिहितो. पान वाळवीने खाल्लेलं नाही. ते माझ्या कपाटात आहे, वाळवी त्याच्या वाटेलाही गेलेली नाही. त्या नऊपैकी चार विहिरींपुढे तू 'कोरडी' लिहिलं होतंस, ते मी ब्लेडच्या तुकड्याने खरवडलं आणि तिथे दीड फूट, सव्वा फूट, दोन फूट, सव्वा फूट असे आकडे घातले. अक्षर तुझ्यासारखं काढायचा प्रयत्न केला. नुसत्या डोळ्याला कळत नाही, पण फोटोत कागदाची साल निघालेली दिसते. दोन वेळा फोटो काढून पाहिला. म्हणून तुझ्याकडून नवं पान हवं होतं.

तो दिवस तुला आठवतोच. रजिस्टर घेऊन तू दुपारच्या बसने वर्ध्याला आलीस, उन्हाने तोंड लाल झालेलं. पाणीही न पिता सांगायला लागलीस. "सर, चौदा, सतरा, बावीस, तेवीस, चारी कोरड्या हायेत. वरच्या अंगाले संत्र्याच्या बागांत सहा बोर झाले. बंधाऱ्यात मुरलेलं पाणी थेच वढून राह्यले." तू बरोबर होतीस. अकरा वर्षांत तू एक अमावस्या चुकवली नाहीस, एक पौर्णिमा चुकवली नाहीस. तारखा माणूस विसरतो, तिथी विसरत नाही, म्हणून तिथीलाच मोजू, हे तूच ठरवलं होतंस. मी तर वर्षातून दोनदा जीपने येणार, उंटावरून शेळ्या हाकणार. तरी मी तुला म्हणालो, तुझं काम विहिरीत टेप सोडणं, अर्थ लावणं माझं काम. तू टेप टेबलावर ठेवलीस आणि गेलीस.

कारणं सांगू का? जूनमध्ये ट्रस्टची माणसं येणार होती. अकरा वर्षं मी त्यांना कळवत होतो की बंधाऱ्याखाली विहिरी आटत नाहीत. अण्णाजींनी सत्काराचा हॉल ठरवला होता. आणि निवृत्त होण्याआधी विलायतेत एकदा नाव छापून यावं, ही माझी हाव होती. तेवढंच कारण खरं, बाकीची तिच्यासाठी जमवलेली. तुझं नाव रागाने काढलं असं मागे लिहिलं, तेही अर्धंच. नाव ठेवलं असतं तर छापण्याआधी निबंध तुला दाखवावा लागला असता.

आणि आता नाव घालत होतो ते कशासाठी, हेही सांगून टाकतो. नव्या नियमात ज्याचं नाव मोजमापापुढे, त्या आकड्यांना जबाबदार तोच. उद्या कुणी विचारलं असतं की चौदा नंबरला पाणी कसं, तर मी तुझ्याकडे बोट दाखवणार होतो. सही तुझी, अक्षर तुझं. मी मोठ्या मनाचा म्हणून मिरवणार होतो ते वेगळंच. हे लिहिताना लाज वाटते आहे. पण पहिलं पत्र लिहिताना वाटली नव्हती, हे जास्त वाईट.

आता काय करावं ते समजत नाही. त्रेसष्ट वर्षांचा झालो. निस्तरायला बसलो तर सगळंच उसवेल. कधी कधी असंही मनात येतं, की नऊ हजार सातशेच्या वर नोंदी तू केल्यास, त्यातल्या चार बदलल्या. चार आकड्यांनी जगाचं असं काय बिघडलं?

लक्ष्मण राजूरकर


वर्धा,
१३ एप्रिल २००७

जयवंताबाई,

आजपासून तुम्हाला अहो-जाहो करतो. चोवीस वर्षांच्या मुलीला तू म्हटलं, त्यानंतर कधी विचार केला नाही.

तुमचं पत्र सोमवारी आलं. इतक्या वर्षांत तुमच्याकडून नोंदींखेरीज आलेलं पहिलं पत्र. त्यातला मजकूर मी इथे पुन्हा लिहितो आहे. मी तो वाचला आणि मला समजला, हे तुम्हाला कळावं म्हणून.

'सर, तुमी इचारलं का चार आकड्यानं काय बिघडलं. माह्या मोठ्या बहिणीच्या, रुख्मिणीबाईच्या गावाले दोन हजार दोनमंधी बंधारा झाला. गाव नळयोजना मांगत होतं. सभेत सायबानं सांगतलं का रोहण्याले बंधाऱ्याखालच्या विहिरी आटतच नाई, हे विलायतेत छापून आलं, मंग नळ कायले पायजे. गावानं आयकलं. दोन हजार चारच्या मे महिन्यात विहीर तळाले गेली. बाया आत उतरून वाटीवाटीनं पाणी भरत. माही बहीण वर येता येता पायरीवरून सरकली. कंबर मोडली. आता काठीनं चालते. इतके दिवस मले थे नशीब वाटत होतं.'

शेवटच्या ओळीखाली तुम्ही सही केली आहे. नमुन्यावर मागितलेली सही दिली नाही, ही दिली.

त्या बंधाऱ्याच्या उद्घाटनाला मी होतो. तो साहेब माझा विद्यार्थी. त्याने भाषणात माझं नाव घेतलं, मला शाल घातली, नारळ दिला. समोर बायका बसल्या होत्या. रुख्मिणीबाई त्यांत असतील, मी त्यांना ओळखत नव्हतो. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "सर, नक्की आटनार नाई नं?" मी म्हणालो, शास्त्र आहे. मला त्या क्षणी चारही नंबर आठवत होते, जयवंताबाई. ते मी कधीच विसरलो नाही. तरी जेवायला थांबलो.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला सात वर्षं खवखवलं नाही आणि आता झोप लागत नाही. वाईट वाटतं, असं लिहून तुमच्या बहिणीची काठी सुटणार नाही. पण मला वाईट वाटतं. फार वाटतं.

ट्रस्टच्या बाईंना मी पत्र लिहिलं आहे. कुणाकडून तपासून घेतलं नाही, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. कुठल्या नोंदी बदलल्या, कशाने बदलल्या, मुळात काय होतं, कुणी लिहिलं होतं. वरच्या अंगाच्या सहा बोअरचंही लिहिलं. बंधारा बांधून भागत नाही, वर उपसा किती ते पाहावं लागतं, हे तुम्ही सांगितलेलं तुमच्या नावाने लिहिलं. खरवडलेल्या पानाचा फोटो जोडला. तुम्ही फेब्रुवारीत पाठवलेल्या चार ओळींचाही जोडला.

पत्र अजून टाकलेलं नाही. टाकण्याआधी तुम्हाला विचारायचं आहे. हे गेलं की निबंध रद्द होणार. तुमची सही बाकी असली तरी नमुन्यात तुमचं नाव मी वर घेतलं आहे, मोजमापापुढे एकटं तुमचंच आहे. तेही जाईल. सात वर्षांनी लागलेलं नाव महिन्याभरात पुसलं जाईल, आणि तुमची काहीच चूक नसताना रद्द झालेल्या कामाशी ते जोडलं जाईल. अकरा वर्षं सायकल मारून हातात हे येणार. एकदा मी तुमच्या वतीने परस्पर ठरवलं, आता ते करायची माझी छाती नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.

लक्ष्मण राजूरकर


वर्धा,
१९ मे २००७

जयवंताबाईंस नमस्कार.

तुमचं कार्ड आलं त्याच दुपारी पत्र टाकलं. 'पाठवा. खोट्या कागदावर माह्यं नाव नसलं तं बरं.' पोस्टातल्या कारकुनाने तिकिटं चिकटवेपर्यंत ते कार्ड मी खिशातून दोनदा काढून वाचलं, कारण ऐन वेळी मागे फिरायची माझी सवय मला माहीत आहे.

ट्रस्टचं उत्तर तीन आठवड्यांत आलं. निबंध रद्द झाला. इंटरनेटवरून काढलेला नाही, प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का मारून ठेवला आहे, म्हणजे तोही सगळ्यांना फुकट वाचता येतो. सुरभीला सांगा, आर्वीला गेली तर पाहून येईल.

इथे व्हायचं ते झालं. अण्णाजींनी घरी बोलावलं नाही, तेच माझ्याकडे आले, हे जास्त जड गेलं. खुर्चीवर बसेनात. "सर, सरता सरता हे काऊन उकरून काढलं? कोण इचारून राह्यलं होतं तुमाले? बबनरावाच्या नावावर लाल शिक्का बसला." मी म्हटलं, बबनरावांनी काही केलंच नव्हतं. तर म्हणाले, "म्हून तं त्यायले शिक्का बसाले नोको होता." यात त्यांचं चुकतं असं मला म्हणता येईना. निवृत्तीनंतरही माझ्याकडे ठेवलेली कॉलेजातली खोली दुसऱ्या दिवशी रिकामी करायला सांगितली. चाळीस पुस्तकं, टेबलावरचा पंखा आणि तुमची अकरा रजिस्टरं रिक्षात घालून घरी आणली. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, रुख्मिणीबाईंना आता कसं आहे? तुम्ही कळवलंत तर मी सांगेन तिला.

आता कामाचं. ट्रस्टच्या बाईंनी दुसरं एक पत्र पाठवलं आहे, ते तुमच्यासाठी आहे. त्या लिहितात, निबंध गेला तरी रजिस्टरं खरी आहेत. एकाच माणसाने अकरा वर्षं, महिन्यातून दोनदा, छत्तीस विहिरी न चुकता मोजल्या आहेत, अशी नोंद त्यांच्याकडे दुसरी नाही. ती त्यांना सगळीच्या सगळी, पानापानाचे फोटो घालून, तुमच्या अक्षरात, मराठीतच, सगळ्यांसाठी खुली ठेवायची आहे. वर नाव एकच, जयवंता महादेव कुरवाडे. वडिलांचं नाव मला ठाऊक नव्हतं, जुन्या मस्टरवरून शोधून काढलं. तुमची हरकत नसेल तर सोबतच्या कागदावर सही करा. या वेळी पेन्सिलने काही लिहून ठेवलेलं नाही.

वैशाखी पौर्णिमेचं पान आहे तसंच जाईल, खरवडलेलं.

राहिली एक गोष्ट. कामात ज्याचा ज्याचा हात लागला त्याचं नाव खाली द्यावं लागतं, आणि पुढे एका वाक्यात त्याने काय केलं ते. माझंही द्यावं लागेल. हे वाक्य मी चार दिवस लिहितो आहे. पहिल्यांदा 'मार्गदर्शन' लिहिलं आणि फाडलं. मग सगळं कबूल करणारं लांबलचक लिहिलं. वाचून पाहिलं तर त्यात मीच पुन्हा मोठा दिसत होतो, चूक कबूल करणारा थोर माणूस. तेही फाडलं. मला माझ्याबद्दल खरं लिहिता येत नाही, असं दिसतं आहे. आयुष्यभर इतरांच्या विहिरीत डोकावलो.

नियमाप्रमाणे मुख्य नाव ज्याचं, त्याला इतरांची वाक्यं लिहिण्याचा अधिकार आहे. म्हणून ही जागा कोरी ठेवून कागद तुमच्याकडे पाठवतो आहे. तुम्हाला वाटेल ते लिहा. चोर लिहायचं असेल तर चोर लिहा. माझी काही विनंती नाही. एक आहे, पण ती करत नाही.

लक्ष्मण राजूरकर


वर्धा,
३० मे २००७

जयवंताबाईंस नमस्कार.

सही केलेला कागद मिळाला. रुख्मिणीबाई आता अंगणापर्यंत काठीशिवाय येतात हे तुम्ही कळवलंत, ते घरात वाचून दाखवलं.

माझ्या नावापुढे तुम्ही लिहिलं आहे, 'यांनी मले टेप धराले आन रजिस्टर लिहाले शिकवलं. शेवटच्या वर्साले चार नोंदी खोडल्या.'

एका वाक्याची जागा होती, तुम्ही दोन लिहिलीत. पहिलं वाचल्यावर मला टेबलाशी बसवेना. गावातल्या त्या पहिल्या दिवशी मी तुम्हाला टेपला खडू कसा लावायचा आणि ओलं कुठवर झालं ते कसं वाचायचं, हे दाखवलं होतं. तेवढ्या दिवसाचं माझं श्रेय तुम्ही काही कमी केलं नाही. दुसऱ्या वाक्यातही काही वाढवलं नाही.

खरं सांगायचं तर मी तिसऱ्या वाक्याची वाट पाहत होतो. मागच्या पत्रात जी विनंती केली नाही ती हीच होती, की पुढे यांनी ते स्वतःहून कबूल केलं, एवढं लिहावं. कागद उलटून पाहिला, पाकिटात पाहिलं. तिसरं वाक्य नव्हतं. आधी वाईट वाटलं, मग थोडा रागही आला. संध्याकाळपर्यंत लक्षात आलं, की ट्रस्टने विचारलं आहे ते कुणी काय काम केलं एवढंच. उशिरा खरं बोलणं हे काही काम नव्हे.

ट्रस्टच्या बाईंना इंग्रजी हवं होतं. दोन्ही वाक्यं मी इंग्रजीत उतरवली. दुसऱ्या वाक्यात खोडल्या याला इंग्रजीत जरा सौम्य शब्दही मिळत होता, 'दुरुस्त केल्या' अशा अर्थाचा. मी तो लिहिला, पाहिला आणि काट मारली. मग कोऱ्या कागदावर सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, वर तुमचं मराठी आणि खाली इंग्रजी.

सकाळच्या टपालाने पाठवलं. तुमचं वाक्य बदललं नाही.

लक्ष्मण राजूरकर